नाताळ, पट्टा पडल्यावर

मार्च उतरणीला लागला की बीडच्या बाहेरच्या रस्त्यावर परतीचे ट्रॅक्टर दिसायला लागतात, आणि मला नाताळाची आठवण येते. हे मी एकदा वॉर्डात बोलून दाखवलं, तर सोबतची नर्स म्हणाली, "सिस्टर, ऊन लागलं का तुम्हाला?" तिचं काही चुकलं नाही. ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, गोधड्यांची गाठोडी, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, आणि त्या सगळ्या पसाऱ्यावर बसलेली, सहा महिन्यांच्या उन्हाथंडीनं काळवंडलेली माणसं. यात नाताळ कुठून आला? पण मी स्कूटर बाजूला घेऊन उभी राहते आणि ट्रॉलीतल्या बायकांच्या मांडीवर कुणाचं तान्हं लेकरू आहे का ते बघत बसते. असलं की मला बरं वाटतं. यंदाचा येशू सापडला, असं मनात येऊन जातं.

सांगते. केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. गावाच्या कडेला अकरा ख्रिस्ती घरं आणि एक पत्र्याचं देऊळ. आम्ही चर्च वगैरे म्हणत नव्हतो, देऊळच म्हणायचो. दसरा झाला की अकरापैकी नऊ घरांना कुलपं लागायची. सगळी माणसं ऊसतोडीला पश्चिमेकडच्या कारखान्यांवर. गावातल्या बाकीच्या घरांतलीही जायची. टोळीत काही ख्रिस्ती-हिंदू नसतं, तिथं सगळे कोयतेच. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. आता पंचवीस डिसेंबरला देवळात नाताळ करायचा तर कुणी करायचा? दोन म्हाताऱ्या, एक आंधळे आजोबा आणि पाळकसाहेब.

म्हणून आमच्या पाळकसाहेबांनी एक रीत पाडली होती. कारखान्याचं गाळप संपलं, म्हणजे आमच्या भाषेत पट्टा पडला, गाड्या गावात आल्या, की येणारा पहिला रविवार नाताळाचा. मग तो मार्चचा असो नाहीतर एप्रिलचा. तालुक्याच्या मोठ्या पाळकांना हे पसंत नव्हतं. ते एकदा येऊन भर देवळात म्हणाले, "नाताळ काय तुमच्या सोयीनं येतो का?" आमचे साहेब बुटके, आवाजही बारीक. ते म्हणाले, "साहेब, तो माणसांत राहायला आला म्हणतो ना आपण? माणसं उसाच्या फडात असल्यावर तो गावात येऊन काय करील?" मोठे पाळक चहा न घेताच गेले.

मला अजून तो नाताळ नाकाने आठवतो. कडुलिंबाला मोहोर आलेला असायचा आणि त्याचा गोडसर, किंचित कडवट वास पत्र्याखालच्या उकाड्यात मिसळायचा. बायकांच्या लुगड्यांना पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळल्याचा धुरकट वास असायचा, तो दोन-तीन धुण्यांनी जात नसे. बाजारातून पतंगाचा कागद आणून चांदणी करायची, आणि दर वर्षी वावटळ यायची आणि चांदणी फाटायची. करंज्यांबरोबर कलिंगड असायचं. घाम पुसत पुसत आम्ही थंडीच्या रात्रीची गाणी म्हणायचो. पुढे शाळेत बाईंनी बर्फाचं चित्र असलेलं नाताळाचं कार्ड दाखवलं, तेव्हा छापणाऱ्यानं चूक केली असं मी ठामपणे सांगितलं होतं.

आणि पाळणा. देवळाच्या तुळईला दोर बांधून, जुन्या लुगड्याची झोळी करून पाळणा टांगायचे. त्यात बाहुलं नाही ठेवायचं. त्या हंगामात फडावर जन्मलेलं सगळ्यांत धाकटं लेकरू ठेवायचं. तेच त्या वर्षीचं येशूबाळ. कधी मुलगा असायचा, कधी मुलगी. माझ्या आठवणीत आमचा येशू तीनदा तरी मुलगी झाला, आणि एकदा तो पाळकसाहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मुतला. पाळण्याची दोरी माझ्या मायच्या, शांताबाईच्या, हातात असायची. पाळणा तीच म्हणायची, कारण तो तिनेच रचलेला होता. शाळा दुसरीपर्यंत, पण गळा असा की गावातल्या बारशांनाही हिंदू घरं तिला बोलावून न्यायची. तिच्या पाळण्यात बेथलेहेम नव्हतंच.

पाचटाची केली गादी, वाढ्याची उशी,
निज रं माझ्या राजा, तुझी माय तुझ्यापाशी.

वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. कोपीत, त्या पाचटाच्या खोपट्यात, आम्ही सगळे त्याच अंथरुणावर मोठे झालो. त्यामुळे देवाची अंथरूण-पांघरुणाची सोय आमच्यासारखीच होती, यात मला नवल वाटत नव्हतं.

आता माझी चूक सांगते, कारण हा सगळा लेख तिच्यापायीच लिहितेय. पट्टा पडायचा मार्चअखेर किंवा एप्रिलात. उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं तो दिवस, तोही त्याच सुमारास. त्यामुळे आमच्याकडे कितीतरी वर्षी रविवारी नाताळ व्हायचा आणि येणाऱ्या शुक्रवारी उत्तम शुक्रवार. रविवारी करंज्या, शुक्रवारी उपास. लहानपणी मी त्याचा सरळ हिशेब लावला होता: देव रविवारी जन्मतो आणि शुक्रवारी मरतो. सहा दिवसांचा देव. मग क्रूसावरच्या चित्रातला तो दाढीवाला बाप्या कोण, हा प्रश्न पडायचा, नाही असं नाही. पण गाईचं वासरू नाही का जन्मल्या दिवशी उभं राहत, तसा देव लवकर वाढत असेल, असं मी समजून घेतलं होतं. कुणाला विचारायची गरज वाटली नाही. इतकं उघड होतं ते.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा माय पोटुशी होती आणि आम्ही फडात होतो. पोटुशी असली म्हणून कोयता काही अर्धा होत नाही. ती आदल्या दिवसापर्यंत मोळ्या बांधत होती. कोपीत लेकरू झालं, मुलगा. टोळीतल्या बायकांनी सगळं केलं. माझ्यानंतर नऊ वर्षांनी झालेलं मूल, माझे वडील, आबा, उगीचच हसत हिंडायचे. बैलांनासुद्धा सांगून आले असतील. टोळीतल्या सगळ्या म्हणाल्या, यंदाचा येशू ठरला, शांताबाईच्या घरचा. बाराव्या दिवशी फडातच बारसं करायचं, गूळ वाटायचा, नाव ठेवायचं असं ठरलं. थंडी फार होती त्या वर्षी. नवव्या दिवशी सकाळी माय मला म्हणाली, "रिबे, बघ गं, हे दूध ओढंना." मी बघितलं. मला काही कळलं नाही. दुपारपर्यंत ते गेलं. आबांनी एका शेताच्या बांधावर, बोरीच्या झाडाजवळ खड्डा केला. मग त्यांना गाडी भरायला जावं लागलं, कारण गाडी थांबली होती. पुढच्या वर्षी मुकादमानं टोळी दुसऱ्या कारखान्याला नेली. तो बांध आम्हाला परत कधी दिसला नाही.

माय रडली नाही. चौथ्या दिवशी तिने कोयता हातात घेतला. पट्टा पडेपर्यंत ती माझ्याशी, आबांशी, कुणाशीच कामापलीकडचं बोलली नाही. गाणं तर नाहीच.

गावात आलो. रविवार आला. शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेब आमच्या दारात. त्यांना कळलं होतं. ते उंबऱ्यावरच बसले, पाणी प्याले. मग हळूच म्हणाले, "शांताबाई, पाळणा..."

"कावून म्हणू मी पाळणा?" माय चुलीपाशी होती, तिने तोंडही फिरवलं नाही. "जिचं लेकरू जितं हाय तिला म्हणाया सांगा."

सोबत देवळाचे पंच होते, दावीदतात्या. त्यांना वाटलं आपण समजूत घालावी. ते म्हणाले, "देवाची मर्जी असती, बाई. आपुन काय करणार?"

तेव्हा माय फिरली. "तात्या, त्येच्या मर्जीला म्हणावं माझ्या दारात येऊ नगं. आन् सायेब, तुमाला एक इचारते. तुमी म्हणता तो आमच्यात ऱ्हायाला येतो. मी कोपीत व्हते. लेकरू गार पडत व्हतं, मी त्येला छातीशी धरून त्येचंच नाव घेत व्हते. तवा तो कुठं गेलता?"

मला वाटलं, साहेब आता पुस्तकातलं काहीतरी सांगतील. त्यांना सगळं पुस्तक पाठ होतं. पण ते म्हणाले, "न्हाई ठाऊक, बाई." आणि उठले. दारातून जाताना त्यांनी डोळे पुसले, ते मी पाहिलं. मोठ्या माणसाला, त्यातून पाळकाला, हे माहीत नसावं याची मला भीती वाटली. आज इतक्या वर्षांनी वाटतं, त्या घरात त्या दिवशी बोललेलं ते एकच खरं वाक्य होतं.

रविवारी मी आबांबरोबर देवळात गेले. त्या हंगामात दुसरं कुणाचं मूल झालं नव्हतं, म्हणून पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेली उशी ठेवली होती. बायकांनी पाळणा म्हणायचा प्रयत्न केला, एकीला एक ओळ आठवे तर दुसरीला भलतीच. उशी काही रडली नाही. नाताळ उरकला, त्याला दुसरा शब्द नाही. घरी आले तर माय भाकरी थापत होती. तिला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं म्हणून मी माझ्याजवळचं सगळ्यांत चांगलं होतं ते दिलं.

"माय," मी म्हणाले, "आपलं बाळ तर नऊ दिस जगलं. येशूबाळ सहाच दिस जगतंय. आपलं तीन दिस जास्त जगलं की."

तिचा हात थांबला. "काय म्हणलीस?"

मी समजावून सांगितलं. आज जन्मलाय, शुक्रवारी मरणार, मोज तूच. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. तिने ती काढली नाही. मला वाटलं मारते आता. पण कितीतरी दिवसांनी तिने मला कामाचं नसलेलं काहीतरी विचारलं.

"मग त्येची माय काय करती गं, रिबे?"

चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. क्रूस, आणि खाली निळ्या पदराची बाई. "काय न्हाई," मी म्हणाले. "उभी ऱ्हाती."

"काईच म्हणत न्हाई?"

"न्हाई. नुसती उभी ऱ्हाती."

मायने करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली. सोमवार, मंगळवार, बुधवार गेले. शुक्रवारी सकाळी ती डोक्यावरून न्हाली, धुतलेलं लुगडं नेसली आणि आबांना म्हणाली, "चला, देवळात." आबांचा एक पाय चपलेत आणि एक बाहेर, तसेच बघत राहिले.

उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन. पत्रा असा तापलेला की वर बघवत नव्हतं. क्रूसावरून येशू सात वेळा बोलला, त्या एकेका बोलण्यावर साहेब थोडं थोडं सांगायचे. तिसरं बोलणं त्याच्या आईशी आहे. तिथं साहेब आले आणि माय उठून उभी राहिली. आधी वाटलं, बाहेर जातेय. ती गेली नाही. पदर डोक्यावर घेऊन उभ्या उभ्याच तिने पाळणा म्हणायला सुरुवात केली. पाचटाची केली गादी, वाढ्याची उशी.

उत्तम शुक्रवारी पाळणा! दावीदतात्या पुढून म्हणाले, "शांताबाई, आज न्हाई म्हणत हे." साहेबांनी हात वर केला. "म्हणू द्या."

तिचा आवाज इतके महिने न वापरल्यामुळे खरखरीत झाला होता, पण सुराला ढळला नाही. पाळण्यात नाव घ्यायची जागा येते, तिथं ती दर वर्षी 'येशूबाळा' म्हणायची. त्या दिवशी तिने म्हटलं, "निज रं शमुवेला." आम्ही ते नाव कधी ऐकलं नव्हतं. आबांनीही नाही. बारसं न झालेल्या लेकराचं नाव तिने मनात ठेवून टाकलं होतं, नऊ दिवस ती त्याला त्या नावाने हाक मारत असणार, कुणाला न सांगता. ती ओळ संपली, आणि मागून कुणीतरी दुसरी ओळ धरली. शेवंतामावशी. दावीदतात्यांची बायको, साठीची. तिने नावाच्या जागी "मुक्ते" म्हटलं. ही मुक्ता कोण, ते आम्हा पोरांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ती मावशीची लेक, मावशीच्या तरुणपणात कुठल्या तरी फडात, मातीखाली राहिलेली. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली. मग आणखी एकजण उठली. तिला नाव घेता येईना, ती नुसतं "पोरी" म्हणाली.

अकरा घरांच्या वस्तीत तीन बायका उभ्या होत्या. पुरुष जमिनीकडे बघत होते. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं, वेदीजवळून खाली आले आणि मंडळीत, आमच्यामध्ये, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसले. उरलेली चार बोलणी त्या वर्षी झालीच नाहीत.

त्यानंतर माय पहिल्यासारखी झाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. ती देवळात जायला लागली, पण देवाच्या मर्जीवर कुणी बोलायला लागलं की सरळ उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसायची. देवाशी तिचं बोलणं पुढे टोळीतल्या सोबतिणीशी असावं तसं झालं. कुणाच्या घरी वाईट झालं की म्हणायची, "त्येला ठावं हाय कसं असतंय ते." बस, एवढंच. त्याने हे थांबवायला हवं होतं, हा तिचा राग शेवटपर्यंत होता. पण तो दूर कुठेतरी बसून बघतोय, हे तिने नंतर कधी मानलं नाही.

मी दहावीला गेले, शहाणी झाले, आणि एकदा तिची चूक दुरुस्त करायला निघाले. चूक खरी माझीच होती. म्हणाले, "माय, तो काही सहा दिवसांचा नव्हता. तेहतीस वर्षांचा होता."

ती हसली. "मला काय येडी समजलीस? तेहतीस व्हते का सहा, हे लोकांनी मोजायचं. त्येच्या मायला इचारून बघ, कितीचा गेला ते."

आता मी बीडला आहे. इथं नाताळ पंचवीस डिसेंबरला होतो, विजेच्या माळा लागतात, केक असतो. उत्तम शुक्रवारी सात वक्ते सात बोलण्यांवर माईकवरून बोलतात आणि तीनच्या ठोक्याला सगळं संपतं. जन्म आणि मरण यांच्यात चांगलं तीन-चार महिन्यांचं अंतर. मला त्या अंतराची सवय होत नाही. गावातलं देऊळ आहे अजून, पण आमचे साहेब वारले. आता कुणी पाळक महिन्यातून एकदा येतो, आणि नाताळ तारखेवर होतो, दोन-चार म्हाताऱ्या माणसांत. टोळ्या अजून जातात. पट्टा पडून गाड्या परततात तेव्हा देवळाला कुलूप असतं. फडात जन्मलेलं लेकरू सरळ घरी जातं.

मी प्रार्थना करते, गाते, वर्गणीही देते. पण मायला जसा देव जवळ होता तसा मला नाही, आणि मला तो हवा आहे, हे लिहायला मी लाजत नाही. वॉर्डात एखादी बाई रिकाम्या हातांनी घरी जाते तेव्हा मला तिला काहीतरी सांगायचं असतं. मी गोळ्यांच्या वेळा सांगते. मग रस्त्याकडेला ट्रॅक्टर बघत उभी राहते, त्या एका रविवारसाठी, त्या एका शुक्रवारसाठी, आणि ज्या बाईने त्या दोन्हींचा एकच दिवस केला तिच्यासाठी जीव तुटतो.

गेल्या वर्षी याच दिवसांत माय माझ्याकडे होती, शेवटच्या आजारात. दवाखान्यात दुपारच्या वेळी शहरातले तरुण पाळक आले. भला माणूस. त्यांनी मायचा हात धरून, डोळे मिटून, हिचं दुखणं दूर कर अशी कळवळून प्रार्थना केली. माय आमेन म्हणाली. ते गेल्यावर मी सलाइनची नळी नीट करत होते, तर ती पुटपुटली, "पोरगं चांगलं हाय. पण लई सांगतंय देवाला. हे कर, ते कर."

"मग काय सांगायचं, माय?"

तिला कूस बदलायलाही दोन माणसं लागायची, आणि तिने एकटीने, कण्हत, दोन्ही पाय इंच इंच करून भिंतीकडे ओढून घेतले. कॉटच्या कडेला एका माणसापुरती जागा झाली. मला वाटलं, तिला दुखतंय. मी वाकून विचारलं, "काय होतंय?"

"काई न्हाई," ती म्हणाली. "दमलाय तो. बसू दे जरा."

बाहेरून रस्त्याचा आवाज येत होता. मलाही सकाळपासून उभं राहून पाय भरून आले होते, आणि त्या खोलीत खुर्ची नव्हती. त्या जागेवर मी बसले नाही.